शनिवारची तारीख

सोलापूर,
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

प्रिय संघप्रिया,

पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. लिहिलं असतं तर तू ते न फोडताच कोपऱ्यात टाकलं असतंस, आणि त्याचा राग मानायचा मला हक्क नाही. फोन लावून पाहिला. दोनदा लावला आणि पहिली रिंग जायच्या आत कापला. फोनवर मी भलतंच काहीतरी बोलत बसले असते, तब्येत कशी आहे, जेवलीस का, असलं. म्हणून शेवटी वही घेऊन बसले. आज कारखाना बंद. हे आतल्या खोलीत झोपलेत. दुपारचे दोन वाजलेत, खालच्या मजल्यावर कुणीतरी मिरच्या भाजतंय आणि मला सारखा ठसका लागतोय.

आधी इकडची खबर सांगते. हे, म्हणजे तुझे 'सर', अजून मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिसला जातात. चार वर्षं होतील आता. शाळा सुटली ती सुटलीच, विनाअनुदानित शाळा आजारी मास्तराला कुठवर धरून ठेवणार! पण मास्तरपण काही सुटलेलं नाही. सकाळी वर्तमानपत्र आलं की लाल पेन घेऊन बसतात आणि शुद्धलेखनाच्या चुका काढतात. पाणी मात्र मोजून प्यायचं. सोलापूरच्या मे महिन्यात चार पेल्यांवर दिवस काढणारा माणूस तू पाहिला नाहीस. बर्फाचा एक खडा जिभेवर ठेवून डोळे मिटून बसलेले असतात आणि मी स्वयंपाकघरात जाऊन पाठ फिरवून पाणी पिते. हे सगळं माझ्या कामगार विम्याच्या कार्डावर चालतं, हे तुला माहीतच आहे. माझी नोकरी आहे तोवर कार्ड आहे, आणि कार्ड आहे तोवर हे आहेत. रोज सकाळी डबा भरताना हा हिशेब डोक्यात असतोच.

कारखान्यात भिंतींना नवा रंग दिलाय. कॅन्टीनमध्ये हात धुवायला चार नळ बसवलेत. तुझ्या मशीनवर आता कुंभारीचीच एक बाई बसते, शाळेच्या गणवेशाच्या कॉलरी शिवते; हात तुझ्यासारखा नाही, पण बिचारी मान वर करत नाही. कटिंगच्या मशीनला जाळी बसवली आहे, पिवळ्या रंगाची. तुझ्या अपघातानंतर पाचव्या दिवशी बसवली. आणि फाटकाशी 'अपघाताविना दिवस' असं लिहिलेला तो पांढरा फळा आहे ना, त्यावरचा आकडा रोज सकाळी मीच बदलते. तो बाराशेच्या पुढे गेलाय. मध्ये एकदाही शून्यावर आला नाही.

तुला मंद्रूपची शाळा आठवते का? आपण सातवीपर्यंत एका बाकावर होतो. माझे बाबा आपले मास्तर, ते तुला वर्गात सगळ्यांत हुशार म्हणायचे, आणि संध्याकाळी तू गणित विचारायला आमच्या घरी यायचीस तेव्हा ओसरीच्या पायरीवर बसून सोडवायचीस. मी आत जाऊन बाबांना विचारून यायची आणि बाहेर येऊन तुला सांगायची. तू कधी आत आली नाहीस. मीही कधी 'आत ये' म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं हे मला तेव्हासुद्धा कळत होतं. आई ओट्यापाशी उभी असायची एवढंच. मी तेव्हापासूनच अशी आहे, संघप्रिया. कुणीतरी ओट्यापाशी उभं असलं की माझ्या तोंडून जे निघायला हवं ते निघत नाही.

मग दहा वर्षांपूर्वी तू आणि बुद्धभूषण भाऊजी कुंभारीला राहायला आलात आणि अक्कलकोट रोडला टमटममध्ये आपण समोरासमोर आलो. तू ओरडलीसच, 'मास्तरांची उत्कर्षा!' सगळी टमटम वळून बघायला लागली. मी त्या वेळी कारखान्याच्या ऑफिसात चार वर्षांची जुनी क्लार्क. मीच तुझं नाव अमरेश साहेबांना सुचवलं. ते मॅनेजर, नवीन बाई घ्यायची की नाही हे तेच ठरवायचे. मीच तुला म्हटलं, की इथं पगार वेळेवर होतो, बायकांना त्रास नाही. आणि पहिल्या दिवशी तुझ्यापुढे चार कागद मीच ठेवले. एक भरतीचा अर्ज, एक विम्याचा, एक भविष्यनिर्वाह निधीचा आणि चौथा नुसता टाईप केलेला, 'मी माझ्या घरगुती अडचणीमुळे स्वखुशीने नोकरीचा राजीनामा देत आहे', खाली सहीची जागा आणि वर तारखेची जागा कोरी. तू वाचलास. तू सगळं वाचायचीस. 'अगं, हा तर राजीनामा आहे की,' म्हणालीस. मी हसून म्हटलं, 'सगळ्यांचाच घेतात गं, नुसती पद्धत आहे. माझाही आहे.' माझा खरंच आहे. मी सहीच्या जागी बोट ठेवलं आणि तू सही केलीस.

तो मंगळवार तुला मी काय सांगणार! पण मला माझ्या बाजूचा सांगू दे. कटिंगचा माणूस आला नव्हता, परदेशी ग्राहकाची ऑर्डर अडली होती, आणि महिनाअखेरीस त्या ग्राहकाचे तपासनीस कारखाना बघायला येणार होते. साडेदहाला तुला मशीनवरून उठवून कटिंगला उभं केलं. 'मला त्याची सवय न्हाय,' असं तू सुपरवायझरला सांगितलेलं मी काचेतून ऐकलं. पात्यासमोरची जाळी कापड अडकतं म्हणून कधीची काढून ठेवली होती, तेही मला माहीत होतं. जाळीची नोंद माझ्याच रजिस्टरात होती. सव्वाअकराला तुझा आवाज आला. मी धावत आले तेव्हा तू खाली बसली होतीस, उजवा हात पदरात गुंडाळलेला, आणि तू मला म्हणालीस, 'बोटं बघ गं कुठं पडली, शोध.' मी शोधली, संघप्रिया. तपकिरी कापडाच्या ढिगात मला ती सापडली, रुमालात गुंडाळून मी रिक्षात दिली. ती जोडता आली नाहीत हे नंतर कळलं. रिक्षा फाटकाबाहेर गेली, आणि अर्ध्या तासाने अमरेश साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते पुढे सांगते. थोडं थांब.

मी तुला भेटायला आले नाही. सोळा महिने झाले. तू हॉस्पिटलात अकरा दिवस होतीस, त्यातला एकही दिवस आले नाही. तू कारखान्याच्या फाटकाशी येऊन 'मला उत्कर्षाला भेटायचंय' म्हणालीस, तेव्हा वॉचमनला मी 'बाहेर गेल्यात' असं सांगायला लावलं आणि खिडकीच्या पडद्यामागे उभी राहिले. तू डाव्या हाताने पिशवी धरली होतीस. अपघाताचा दावा लावायला आधी तू एका खासगी वकिलाकडे गेलीस, त्याने फीचा आकडा सांगितल्यावर परत आलीस, मग कुणीतरी तुला कोर्टाच्या आवारातल्या विधी सेवा कार्यालयाची वाट दाखवली आणि तिथून तुला रुद्रप्पा वकील फुकट मिळाले. हे सगळं मला बायकांच्या बोलण्यातून डब्याच्या सुट्टीत कळायचं. त्या मला बघून गप्प व्हायच्या, पण पूर्ण नाही.

तुला एक गोष्ट माहीत नाही. गेल्या जानेवारीत नागूमावशी माझ्याकडे आल्या होत्या. तुझी आई, एकटी, मंद्रूपहून एसटीने, मग स्टँडवरून चालत. दारातच उभ्या राहिल्या. मी म्हटलं, 'मावशी, आत या.' तीस वर्षांनी म्हटलं. त्या आत आल्या तरी उंबऱ्याला लागूनच बसल्या आणि पदराखालून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. त्यात कंपनीने कोर्टात दिलेल्या लेखी उत्तराची प्रत होती. म्हणाल्या, 'संघीला सांगू नगंस मी आल्याली. ती लई चिडती. घरात जावई एक सांगतो, बाहीरचे एक सांगत्यात. मला वाचाया येत न्हाय. तू हापिसातली, लिवणारी बाई हायस की. तू वाच, म्हंजी मला खरं कळंल.'

मी वाचलं. आवाज न हलू देता वाचलं. 'अर्जदार हिने दिनांक ६ जुलै २०२४ रोजी, शनिवारी, स्वखुशीने राजीनामा दिलेला असून दिनांक ९ जुलै रोजी ती कंपनीची कामगार नव्हती. त्या दिवशी ती स्वतःचे सामान नेण्याच्या निमित्ताने आत आली व परवानगी नसताना यंत्राजवळ गेली.' मावशींनी मला थांबवलं. 'म्हंजी माझी पोरगी चोरावाणी शिरली व्हय तितं?' मी कागदाची घडी घातली. त्या म्हणाल्या, 'कागदावरची सही तिचीच हाय म्हणं. जावईबी इचारतोय, सही तुजी हाय का न्हाय तेवढं सांग. ती म्हणती, हाय. मग तोंड फिरवून बसती. त्यो म्हणतो, मग राजीनामा दिलास आन मला बोलली न्हाईस. रोज त्येच चाललंय घरात.' तुमच्या घरात हे चाललंय हे मला तोवर माहीत नव्हतं. तुझं खरं असून तुला तुझ्याच नवऱ्यापुढे सिद्ध करावं लागतंय हे मी उंबऱ्याशी बसलेल्या तुझ्या आईच्या तोंडून ऐकलं.

मग त्या जरा पुढे सरकल्या. 'रुद्रप्पा वकील म्हणत्यात, सही पोरीची हाय, पर वरची तारीख पोरीच्या हातची न्हाय. ती कुणाच्या हातची त्ये घावलं की निम्मी केस झाली. तपासायला पाठवायचं तर लई महिने लागत्यात म्हणं. तू तितंच बसतीस. तुला म्हाईत हाय का गं, कोन लिवतं तुमच्यात तारखा?'

मी म्हटलं, 'नाही मावशी. मला काही कल्पना नाही.'

त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या असं आता वाटतं, कदाचित नसतीलही. उठताना त्यांनी पिशवीतून ज्वारीच्या कडक भाकऱ्या आणि शेंगाची चटणी काढून ठेवली. 'सरांना चटणी चालती का गं?' विचारलं. नाही चालत, पण मी चालते म्हटलं. जिन्यावरून उतरताना म्हणाल्या, 'तू हायस म्हणून धीर हाय बघ.' ते शब्द मी तुला सांगतेय ते मला टोचतात म्हणून नाही. त्यांना माझ्याबद्दल जे वाटलं ते चुकीचं होतं, हे तुझ्याकडून त्यांना कळावं म्हणून.

आता सांगते. केबिनमध्ये टेबलावर ती हिरवी फाईल उघडी होती. तुझा चौथा कागद वर काढून ठेवलेला. अमरेश साहेब म्हणाले, 'शनिवारची तारीख घाला.' मी म्हटलं, 'साहेब, ती आज कामावर होती. मी स्वतः तिला रिक्षात बसवलंय.' त्यांनी आवाज चढवला नाही, धमकी दिली नाही. खुर्चीत मागे टेकून एवढंच विचारलं, 'यज्ञेश्वर सरांचं डायलिसिस मंगळवारी असतं ना? म्हणजे आजच. मग तुम्ही लवकर निघा आज, काम झालं की.' आणि पेनचं टोपण काढून पेन माझ्या पुढे ठेवलं. माझ्या हाताला तुझं रक्त होतं, नखाच्या कडेला. ते कागदाला लागू नये म्हणून मी हात ओढणीला पुसला, हे मला नीट आठवतं. मग मी वर लिहिलं, ६ जुलै २०२४. खाली 'राजीनामा मिळाला' असं लिहून माझी आद्याक्षरं घातली, तीही शनिवारचीच तारीख टाकून. सोमवारची आणि मंगळवारची तुझी हजेरी बोटाच्या ठशाच्या मशीनमधून मी काढून टाकली. सव्वाबाराला माझं काम झालं आणि मी लवकर निघाले. यांच्या शेजारी बसून मशीनमधून फिरणारं रक्त बघत राहिले.

इतके दिवस मी स्वतःला सांगत आले की माझा नाइलाज होता. होताही. माझा स्वतःचा कोरा राजीनामा त्याच फाईलमध्ये आहे. त्यावरही कुणीतरी कुठलीही तारीख घालू शकतं आणि त्या तारखेपासून यांचं कार्ड जातं. अशा एकशे बासष्ट बायकांचे कागद तिथे आहेत, ऑफिसातल्या लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात, आणि खणाची एक चावी माझ्याकडे असते. रुद्रप्पा वकिलांनी कोर्टाला अर्ज करून तो खण उघडायला लावला तर सगळ्यांचे सापडतील. मला फाईल उचलून आणता आली असती, पण ती हलली की पहिलं नाव माझं येईल, आणि वकिलांच्या दृष्टीनेही ते बरं दिसणार नाही, असं मी मनाशी म्हणते. खरं म्हणजे मला धीर झाला नाही.

तीन आठवड्यांपूर्वी कंपनीच्या वकिलांनी माझं प्रतिज्ञापत्र तयार केलं. गार खोलीत बसवून चहा पाजला. 'अर्ज तिने शनिवारी दुपारी माझ्या हातात दिला, त्यावर तारीख तिनेच घातलेली होती,' असं त्यात आहे. मी सही केली. येत्या गुरुवारी माझी उलटतपासणी आहे. रुद्रप्पा वकील विचारतील आणि मी उत्तरं द्यायची. कंपनीच्या वकिलांनी माझा सराव घेतला. ते म्हणाले, 'कमी बोला बाई. आठवत नाही म्हणालात तरी चालेल, पण तारीख आठवते म्हणा.' प्रतिज्ञापत्राची प्रत मी पर्समध्ये ठेवली आणि ती यांना सापडली. गोळ्यांची चिठ्ठी शोधत होते. चष्मा लावून सगळं वाचलं. मग मला हाक मारली आणि विचारलं, 'संघप्रिया राजीनामा देणार होती हे तू मला कधी बोलली नाहीस.' मी सांगून टाकलं. सगळं, पेनच्या टोपणापर्यंत. मला वाटलं होतं हे म्हणतील, तू तरी काय करणार. ते म्हणाले, 'माझ्या नावावर केलंस हे? मला विचारलं होतंस?' मी म्हटलं, 'विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात.' 'म्हणूनच विचारलं नाहीस ना?' एवढं बोलून ते भिंतीकडे वळले. पुढच्या शुक्रवारी मी कामावर असताना एकटेच सिटी बसने हॉस्पिटलला गेले, एकटेच आले, जिन्यात दोनदा बसले असं शेजारच्या बाई म्हणाल्या. अजून नीट बोलत नाहीत. ताट वाढलं की जेवतात.

मंगळवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि कोर्टाच्या आवारात गेले, तू गेली होतीस त्याच कार्यालयात. बाहेरच्या बाकावर एक बाई बसतात, सुंदरम्मा नावाच्या. पूर्वी टॉवेलच्या कारखान्यात होत्या, आता येणाऱ्यांना फॉर्म भरून देतात, कुठल्या खोलीत जायचं ते सांगतात. त्यांना म्हटलं, माझ्या एका मैत्रिणीचं विचारायचंय, तिने मालकाच्या बाजूने खोटं लिहून दिलंय. त्यांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, 'ती मैत्रीण खोटं बोलून मोकळी झाली, का अजून बोलायचीय?' मी म्हटलं, कागदावर झालंय, तोंडाने पुढच्या गुरुवारी बोलायचंय. 'मग अजून टाइम हाय की.' मी विचारलं, तिची नोकरी गेली तर? तिच्याकडे वकिलाला द्यायला काही नाही. त्या हसल्या. 'ती बाई हाय ना? मग झालं. बाईला पगार कितीबी असू दे, हितं वकील फुकट मिळतो. खोटं लिवल्याचं काय व्हतंय तेबी त्यो वकीलच सांगंल तिला, लपवायचं न्हाय एवढंच.' मग मी विम्याच्या कार्डाचं विचारलं. त्यांनी आतून एका मॅडमना विचारून आणलं: नोकरी सुटली म्हणून कार्ड दुसऱ्या दिवशी बंद पडत नाही, भरलेल्या हप्त्यांवर अजून काही महिने उपचार चालतात, तोवर सरकारी योजनेतून डायलिसिसची सोय करून घ्यायची, अर्ज त्या भरून देतील. चौदा वर्षं मी त्या ऑफिसात बसून विम्याचे कागद भरते आहे, आणि मला हे माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नाही. विचारलं असतं तर त्या मंगळवारी पेन उचललं नसतं का, याचं उत्तर मला नको आहे.

तिथून निघताना मोकळं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. बुधवारी अमरेश साहेब माझ्या टेबलापाशी आले, 'पुढच्या गुरुवारी माझ्याच गाडीतून जाऊ, तुम्हाला घरून घेतो,' म्हणाले. म्हणजे यांच्यादेखत मला गाडीत बसवणार, वाटेत पुन्हा उत्तरं विचारणार, आणि कोर्टात मी पिंजऱ्यात उभी असताना माझ्यासमोर हात बांधून उभे राहणार. तेव्हापासून मी दोन्ही उत्तरं मनात म्हणून बघते आहे. खोटं उत्तर मला एका दमात म्हणता येतं. खरं उत्तर म्हणायला गेलं की मध्येच थांबते.

म्हणून हे पत्र. माफ कर म्हणायला लिहिलेलं नाही. दोन बोटांची माफी कशी मागतात मला माहीत नाही. हे पत्र बुद्धभूषण भाऊजींना वाचायला दे, आणि मग रुद्रप्पा वकिलांच्या हातात दे. उद्या सकाळी स्पीड पोस्टाने टाकते, परवा, फार तर बुधवारी तुला मिळेल, आणि एकदा पोस्टात पडलं की मला ते मागे घेता येणार नाही. गुरुवारी खरं बोलायचं असं मी ठरवलंय. पण नागूमावशी समोर बसल्या होत्या तेव्हाही मी ठरवलं होतं. तेव्हा माझ्यावर भरवसा ठेवू नकोस. 'अर्ज तिने माझ्या हातात दिला' असं मी म्हणाले, तर वकिलांना सांग, थांबू नका, या बाईच्या घरी आजारी नवरा आहे असलं काही मनात आणू नका. या पत्राचे कागद तिच्यासमोर धरा आणि विचारा, हे अक्षर कुणाचं, खालची सही कुणाची. मग मला नाही म्हणता येणार नाही. तू पुढच्या बाकावर बस. माझ्याकडे बघ. मी मान खाली घातली तरी बघत राहा.

तुझीच असं लिहायचा हक्क तू देशील तेव्हा लिहीन. आज पूर्ण नावाने सही करते, कोर्टाला चालेल अशी.

उत्कर्षा यज्ञेश्वर पुजारी